शरयूबाई परत आल्या तो दिवस

मार्गशीर्षातल्या एका शनिवारी सकाळी शरयूबाई परत आल्या.

कुठून आल्या ते कुणाला सांगता येईना. पलंग तोच होता, खिडकीला लागलेला. अंगावरचा गाऊन तोच, उशाजवळची औषधांची टोपली तीच. पाच वर्षं त्या याच पलंगावर होत्या आणि नव्हत्या. आधी त्यांच्यापासून नावं गेली, मग माणसं गेली, मग चमचा कशासाठी असतो ते गेलं. शेवटाला बोलणं गेलं, आणि जबलपुरातल्या महाराजपूरच्या त्या छोट्या घरात एक देह तेवढा उरला. वेळेवर भरवायचा, कुशीवर वळवायचा, उन्हाला बसवायचा. ऊन मात्र त्यांना कळत असे. अंगावर ऊन आलं की डोळे मिटून घेत, मांजर घेते तसे.

त्या सकाळी अवंतीनं, त्यांच्या लेकीनं, नेहमीसारखा चहा फुंकून गार केला आणि चमचा ओठांशी नेला. शरयूबाईंनी तोंड बाजूला केलं.

"आलं किती टाकलंस गं," त्या म्हणाल्या. "आणि चमच्यानं काहून पाजून राहिली? मी काय तान्ही आहे? कप दे इकडे."

आवाज गंजलेला होता. पण होता त्यांचाच. सिहोऱ्याच्या मुलींच्या शाळेत ज्या आवाजानं पोरींकडून पाढे घोकून घेतले, तोच. अवंतीनं कप दिला. आईनं तो दोन्ही हातांनी धरला, थोडा बशीत ओतला, फुर्र करून प्याली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मटार आले का बाजारात?"

"आले," अवंती म्हणाली. दुसरं तिला सुचलंच नाही. मग ती ओरडली, "बाबा! बाबा, इकडे या!"

रत्नाकरराव अंगणात तुळशीला पाणी घालत होते. फॅक्टरीत फौजी ट्रकांच्या ताडपत्र्या शिवण्यात त्यांची उमर गेली होती, आणि निवृत्तीनंतरची सगळी वर्षं या पलंगाभोवती. "काय झालं? पडली का?" करत ते ओल्या पायांनी आत आले आणि दारातच थबकले. बायको त्यांच्याकडे बघत होती. नुसते डोळे वळलेले नव्हते, बघत होती.

आता, शरयूबाई जुन्या वळणाच्या. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात कधी सरळ घेतलं नाही. घेतलं ते उखाण्यातच, लग्नात आणि हळदीकुंकवात, चार बायकांनी अडवलं म्हणजे. त्यांनी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, ओठ मुडपले, आणि म्हणाल्या,

"दाढी वाढली पांढरी, पाय चिखलानं ओले,
रत्नाकरराव माझे, कधीचे म्हातारे झाले?"

रत्नाकरराव जिथे उभे होते तिथेच खाली बसले. मोठ्या माणसाला रडताना जी लाज वाटते ती त्यांना वाटली नाही. "घेतलं," ते म्हणत होते, "नाव घेतलं माझं. अवंती, ऐकलंस ना? नाव घेतलं."

"नावाचं काय घेऊन बसले, हात द्या," शरयूबाई म्हणाल्या. "मला आंघोळ करायची आहे. अंगाला कसला वास येऊन राहिला आहे."

मग घरात जी धांदल उडाली ती लग्नघरातली. बाबांनी बंगळुरूला स्वप्निलला फोन लावला. पाच वर्षं ज्या मुलाला आईनं ओळखलं नव्हतं, त्याला तिनं पहिल्याच वाक्याला झापलं. "आवाज घोगरा काहून झाला रे तुझा? रात्रीचं दही खाऊन राहिला ना?" पलीकडून स्वप्निल हसत होता की रडत होता, कळत नव्हतं. "क्या बात है आई, क्या बात है," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

अवंतीनं फोन घेतला आणि स्वयंपाकघरात गेली. "स्वप्निल, आज ये. संध्याकाळचं विमान बघ."

"अगं, आता घाई कसली?" तो म्हणाला. "इतकी वर्षं जीव टांगणीला होता. आता बरी झाली ना ती. तनयच्या शाळेची परीक्षा होऊ दे, पुढल्या महिन्यात सगळेच येतो, चांगले आठ दिवस राहतो."

"आजच ये म्हणते ना."

"काहून पण? काही लपवून राहिली का?"

बाबा दाराशी येऊन उभे होते, चेहरा आरतीच्या ताटासारखा उजळलेला. अवंतीनं त्यांच्याकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "लवकर ये, एवढंच."

कारण अवंतीला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून तिला काही सांगता येत नव्हतं.

आधारतालच्या एका शाळेत ती जीवशास्त्र शिकवायची. लग्नाचं आधी जमलं नाही, मग तिनं जमवलं नाही. शाळेत पोरं तिच्या तासावर जीव टाकत, कारण दर शनिवारी ती फळ्याच्या कोपऱ्यात असा एक प्रश्न लिहायची, ज्याचं उत्तर जगात कुणाकडेच नाही. ऑपरेशनच्या आधी भूल देतात, ती माणसाला नेमकी चढते कशी? सिंधूकाठच्या त्या जुन्या मुद्रांवर काय लिहिलं आहे? युरोपातला वाम मासा हजारो कोस पोहून समुद्रात अंडी घालायला जातो. मग त्याला अंडी घालताना आजवर कुणीच काहून पाहिलं नाही? आपण झोपतो तरी कशाला? मागच्या बाकावरचा एक जण विचारायचा, "मॅम, फिर वैज्ञानिक लोग करते क्या हैं?" आणि ती म्हणायची, "यही पूछते रहते हैं, बेटा." वर्ग हसायचा. उत्तर नसलेला प्रश्न वर्गात फार गोड लागतो.

त्यातलाच एक प्रश्न तिनं कधी फळ्यावर लिहिला नव्हता. आईचा आजार वाढला तेव्हा ती वाचत सुटली होती, आणि वाचता वाचता तो तिला सापडला होता. मेंदू वर्षानुवर्षं झिजत जातो. मेलेल्या पेशी परतत नाहीत. बोलणं, ओळख, सारं जातं. आणि मग एखाद्या सकाळी असं माणूस एकाएकी लख्ख होतं. नावं घेतं, विनोद करतं, घरच्यांची ख्यालीखुशाली पुसतं. का होतं, कुणाला ठाऊक नाही. ज्या घरात एकही दिवा जागेवर नाही त्या घरात उजेड पडतो कसा, ठाऊक नाही. ठाऊक आहे ते एवढंच, की असा उजेड टिकत नाही. कुणाचा एक दिवस, कुणाचे दोन-चार. आणि बहुतेकदा त्यानंतर माणूसच जातं.

हे सगळं डोक्यात घेऊन अवंतीनं शाळेत सुट्टी कळवली आणि आईला आंघोळ घातली. पाठ चोळताना मणके हाताला लागत होते, मण्यांच्या माळेसारखे. आई पाण्यात हसत होती.

"गाऊन नको तो," न्हाऊन झाल्यावर ती म्हणाली. "माझी जांभळी साडी काढ. काळ्या काठाची."

अवंतीनं कपाट उघडलं. कपाटात डांबरगोळ्या होत्या आणि वास होता. साडी एकही नव्हती.

"अगं बाई, चोर आले होते का?" शरयूबाई म्हणाल्या.

रत्नाकरराव चुकीचं गणित सोडवलेल्या पोरासारखे उभे होते. मग ते वाकले आणि दिवाणाखालून एक गुंडाळी ओढली. जाडजूड, ताडपत्रीसारखी घट्ट वळलेली, सुतळीनं बांधलेली. सोडली तशी खोलीभर साड्या पसरल्या, एकीच्या पदराला दुसरीचं टोक, दुसरीच्या पदराला तिसरीचं, दुहेरी शिलाई, फौजी कामाची. शेजारणींनी दिलेल्या होत्या, नात्यातल्यांनी दिलेल्या होत्या, आणि मधोमध शरयूबाईंच्या शाळेच्या साड्या होत्या, वर्षांच्या क्रमानं लावलेल्या असाव्यात तशा. पिवळी. मोरपंखी. बारीक चौकड्यांची. काळ्या काठाची जांभळी.

जबलपुरात नर्मदेला चुनरी बोलतात. मागणं पुरं झालं की साड्या जोडून या काठापासून त्या काठापर्यंत नेतात, नावेतून, आणि मायच्या अंगावर घालतात.

"अहो, माझ्या साड्या नर्मदामायला नेसवून राहिले का?" शरयूबाई म्हणाल्या.

"ते मी..."

"ठाऊक आहे. मी तुमचं नाव घेतलं तर, असंच ना? माझ्या पायाला तेल चोळता चोळता बोलले होते. हात केवढे थरथरत होते तुमचे. तेल सारं चादरीला."

फाटकाबाहेरून कुणाची तरी सायकल गेली.

हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नवस बोलला गेला तेव्हा शरयूबाईंच्या तोंडून शब्द गेल्याला काळ लोटला होता. डोळे छताला लावून त्या पडलेल्या होत्या, आणि खोलीत माणूस म्हणावं असं फक्त रत्नाकरराव होते. निदान सगळे तसंच समजत होते.

"ऐकलं हिनं!" रत्नाकररावांनी टाळी वाजवली, लहान पोरासारखी. "अवंती, हिनं ऐकलं होतं! सगळं ऐकून राहिली होती!"

अवंती पलंगाची पट्टी धरून उभी होती. सगळं. म्हणजे मग तेही. याच खोलीत, याच उशापाशी उभी राहून ती स्वप्निलशी फोनवर बोलली होती, "ही आता आई नाही रे. नुसतं शरीर आहे. सुटली तर बरं." आणि त्याच्याही आधी एक गोष्ट होती. बाबा रोज संध्याकाळी आईला पेपर वाचून दाखवायचे, नागपूरचा, ठळक बातम्यांपासून भाजीच्या भावापर्यंत, मधे मधे "ऐकून राहिली ना, मास्तरीणबाई?" असं विचारत. वाचता वाचता त्यांचा घसा बसायचा. अवंतीला ते बघवेना. एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, आपण एमआरआय पाहिला ना? तो भागच सुकला आहे. तिला काही कळत नाही. भिंतीशी बोलल्यासारखं आहे हे." बाबांनी पेपराची घडी घातली. त्यानंतर त्या पलंगाशी ते कामापुरतं बोलू लागले, आणि नंतर कामापुरतंही नाही. त्या नवसाखेरीज.

फळ्यावर दर शनिवारी उत्तर नसलेला प्रश्न लिहिणाऱ्या बाईनं घरातल्या प्रश्नाला मात्र खाडकन उत्तर देऊन टाकलं होतं.

"मी निघतो," रत्नाकरराव साड्या गुंडाळू लागले. "आजच. मायला ताटकळत ठेवायचं नाही. हेमलता, तुझ्या घरवाल्याला फोन कर."

हेमलता दिवसभर शरयूबाईंचं बघायला यायची. तिचा नवरा बळीराम ग्वारीघाटावर नाव चालवायचा. "अभी करती हूँ बाबूजी," ती म्हणाली. तिचेही डोळे भरून आले होते.

"बाबा, जरा बाहेर या," अवंती म्हणाली.

मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशी, तिनं त्यांना सांगितलं. जमेल तितक्या हळू सांगितलं. की असं होतं. की हे बरं होणं नसतं. की आजचा दिवस आहे, उद्याचं सांगता येत नाही. की चुनरी कधीही चढवता येईल, मायकडे वेळच वेळ आहे, आईकडे नाही.

रत्नाकररावांनी पुरतं ऐकून घेतलं. "हे सगळ्यांचंच असं होते?"

"बहुतेकांचं."

"बहुतेक," ते म्हणाले. "म्हणजे नक्की नाही."

"नक्की कुणालाच ठाऊक नाही, बाबा."

"मग नक्की ठाऊक नसताना काहून बोलून राहिली?" आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "तेव्हा म्हणाली, तिला काही कळत नाही. नक्की म्हणाली होती. मी मान्य केलं. शिकलेली लेक आहे, तिला जास्त समजते. तोंडाला कुलूप घातलं मी, अवंती. ती ऐकून राहिली होती, आणि मी गप्प बसलो. तुझ्या सांगण्यावर. आता पुन्हा तुझं ऐकू?"

खरं उत्तर हेच होतं की मागच्या खेपेला ती चुकली होती आणि या खेपेला चुकलेली नसावी. आणि ही गोष्ट सिद्ध होण्याचा एकच मार्ग होता.

"निदान जांभळी तेवढी उसवा," ती म्हणाली. "तिला नेसायची आहे."

"मधून उसवली तर चुनरी तुटते. तुटकी नाही चढवत." मग ते जरा नरमले. "येताना आणतो नवी. अशीच, काळ्या काठाची. संध्याकाळी नेसेल."

निघताना ते पलंगापाशी आले. "जातो आणि येतो, मास्तरीणबाई."

"लवकर या," शरयूबाई म्हणाल्या. "माझ्याकडून मायला सांगा, जांभळी सांभाळून नेस म्हणावं. रंग जाते तिचा."

रिक्षात गुंडाळीलाच एका माणसाची जागा लागली. हेमलता कशीबशी कडेला बसली. फाटकातून रिक्षा वळेपर्यंत रत्नाकरराव बाहेर डोकं काढून हात हलवत होते.

अवंतीनं आईला आपली साडी नेसवली, पंधरा ऑगस्टला नेसायची, पांढरी, हिरव्या काठाची. अंगणात खुर्ची टाकली. पुढ्यात मटाराची परडी आणि पातेलं ठेवलं, आणि दोघी सोलायला बसल्या. ऊन दोघींच्या मांडीवर होतं.

सोलता सोलता शरयूबाई गुणगुणू लागल्या. जुनं नव्हतं काही. तोंडाला येईल ते जुळवत होत्या, पूर्वी शाळेत पोरींसाठी जुळवायच्या तसं.

"हिरव्या शेंगेच्या गं घरी, नऊ लेकी गं मोत्याच्या,
उघडी दार कोण गं माये, खोल्या साऱ्या एकीच्या."

"आई," अवंती म्हणाली. "तू कुठे होतीस गं?"

"कधी?"

"इतके दिवस."

शरयूबाईंनी शेंग हातात धरून विचार केला. वर्गातल्या पोरीनं चांगला प्रश्न विचारला की करायच्या तसा.

"बसमध्ये," त्या म्हणाल्या. "सिहोऱ्याच्या. मी आपली खिडकीशी बसली आहे. कंडक्टरला विचारते, भैया, सिहोरा आया क्या? तो म्हणते, अभी कहाँ, बाई. पुन्हा विचारते, पुन्हा तेच. शाळेची घंटा होऊन गेली असेल, पोरी उभ्या असतील, असं मनात येते. उतरावं तर बस थांबत नाही."

"आणि आमचं... आमचं ऐकू यायचं?"

"यायचं. खिडकीतून रस्त्यावरचं येते ना, तसं. येते आणि मागे जाते. मधेच एखादं नीट."

अवंतीच्या हातातले दाणे थांबले. "माझं काय ऐकलंस?"

शरयूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते अवंती पुढे जन्मभर ठरवत राहणार होती. माफ केलं होतं की माफ करण्यासारखं काही ऐकलंच नव्हतं? की ऐकलं होतं, आणि लेकीला आज ते सांगायचं नाही असं आईनं ठरवलं होतं?

"तू दमलेली असायचीस गं," शरयूबाई म्हणाल्या. आणि शेंग फोडली. "दाणे कोवळे आहेत. भात कर त्यांचा. हे आले का?"

"येतील. आत्ताच तर गेले."

त्या बोलत राहिल्या. शेजारच्या बाबारावांच्या घरावर मजला चढला म्हणाल्या, कधी चढवला? अवंतीच्या केसांत पांढरं दिसतं म्हणाल्या, मेंदी लावत जा. वडिलांना रात्री ताक देऊ नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हे आले का?"

"येतील, आई."

ऊन मांडीवरून सरकून पावलांवर गेलं. अवंतीनं पातेल्याकडे पाहिलं. आई सोलत होती, नीट, एकाग्र होऊन. पण दाणे जमिनीवर टाकत होती, आणि सालं पातेल्यात. अवंतीनं वाकून दाणे वेचले आणि पातेल्यात टाकले. आईनं पुढली शेंग फोडली. दाणे पुन्हा जमिनीवर.

"हे आले का?"

तिनं बाबांना फोन लावला. लागेना. हेमलताला लावला. वारा, पाणी, माणसांचा कल्ला, आणि मधून हेमलता ओरडत होती, "दीदी, हम नाव में हैं! बीच धार में! आधी से ज़्यादा हो गई!"

"त्यांना दे फोन. आत्ता दे."

"दीदी, वो चुनरी का सिरा पकड़े बैठे हैं, किसी को देते ही नहीं! हाथ खाली नहीं है!"

"त्यांना म्हणावं तसेच घरी या. सब छोड़ के. समझीं?"

"हाँ दीदी, हाँ!" हेमलता म्हणाली, पण तेवढ्यात कुणी तरी "नर्मदे हर" असा पुकारा केला, आणि घाटभर तो उठला, आणि फोन तुटला.

हेमलतानं निरोप दिला होता. पुढे तिनं शपथेवर सांगितलं. रत्नाकररावांनी तो ऐकून मान हलवली होती आणि म्हणाले होते, "निघूच. साडी तेवढी घेऊन." त्यांना वाटलं, बायको वाट बघते आहे, हीच घाई. काळ्या काठाची जांभळी पहिल्या दुकानात मिळाली नाही. दुसऱ्यातही नाही.

घरी शरयूबाई खुर्चीतून उठायला लागल्या. "पोरी उभ्या असतील," त्या म्हणाल्या. अवंतीनं त्यांना धरून आत नेलं, निजवलं. त्यांचे हात गार होते. "हे आले का?" त्यांनी विचारलं. थोड्या वेळानं विचारलं. मग पुन्हा. दर वेळी पहिल्यांदा विचारावं तसं. आणि दर वेळी अवंती म्हणाली, "येऊन राहिले, आई, वाटेतच आहेत." मग प्रश्नातला एकेक शब्द गळू लागला. "आले?" मग नुसता श्वास, जरासा वर उचललेला. मग तेही नाही. फक्त डोळे फाटकाकडे. मग डोळे छताकडे.

दिवेलागणीला रिक्षा थांबली. रत्नाकरराव गुडघ्यापर्यंत भिजलेले होते, कपाळभर कुंकू, हातात दुकानाची पिशवी. "कुठे आहेत आमच्या मास्तरीणबाई?" बोलतच ते आत आले. "अहो, काय चढली चुनरी! इकडून तिकडे! तुमची जांभळी अगदी बरोबर मधोमध, सारे नाववाले बघून राहिले होते. आणि ही बघा, नवी. काठ बघा."

त्यांनी साडी पलंगावर पसरली. शरयूबाईंची बोटं हलली. काठ चिमटीत आला, सुटला, पुन्हा चिमटीत आला. गेली पाच वर्षं चादरीचा येत होता तसा.

"थकली," रत्नाकरराव म्हणाले. "दिवसभर बोलली असेल. उद्या बोलेल."

त्यांनी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून जे उतरत गेलं ते तिनं उभं राहून पाहिलं.

ते पलंगाच्या कडेला बसले. "शरयू," ते म्हणाले. "ऐकून राहिली ना? मी... मायला..." पुढे काही येईना. किती तरी वर्षांची गप्प राहायची सवय तोंडाला पडली होती. मग लेकीकडे वळून विचारलं, अगदी बारीक आवाजात, "काय बोलू गं हिच्याशी?"

रविवारी दुपारच्या आत शरयूबाई गेल्या. स्वप्निल पोचला तेव्हा तयारी झाली होती. शेजारच्या बायकांनी हिरवी साडी आणली, सवाष्णीला हिरवीच लागते म्हणाल्या. रत्नाकररावांनी जांभळी पुढे केली तर कुणी हातात घेतली नाही. ती पिशवीतच राहिली.

तेरावा झाला. स्वप्निल गेला. घरात आवाज म्हणावा तर पलंग हलवल्याचा, तोही एकदाच. एका संध्याकाळी अवंती वह्या तपासत होती. रत्नाकरराव समोर येऊन बसले.

"त्या दिवशी," ते म्हणाले, "माझं काही विचारलं का हिनं?"

"विचारलं, बाबा."

"काय?"

"आले का, म्हणून."

त्यांनी हातातला चष्मा पुसला, आणि पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

"कितीदा?"

अवंतीच्या हातातलं पेन वहीवर टेकलेलं होतं. लाल शाईचा ठिपका वाढत चालला होता. तिनं पेन उचललं.

"एकदा," ती म्हणाली. "एकदाच, बाबा. मग झोपली ती."

"म्हणजे वाट नाही पाहिली फार."

"नाही."

रत्नाकररावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि लेकीकडे पाहिलं.

"तू म्हणतेस तर असेल," ते म्हणाले. "तुझं त्या दिवशीचंही खरंच निघालं."